कोलेस्टेरॉलची गोळी चालू असताना पपनस खाल्लं तर चालेल का?

गोळी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा सिमव्हास्टॅटिन असेल तर टाळा. गणपतीत दादरच्या बाजारात दिसणारं पपनस म्हणजे ग्रेपफ्रूट या संत्र्यासारख्या फळाचा पूर्वज. दोन्हींतली फ्युरानोकुमारिनं ही रसायनं आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम बंद पाडतात, मग गोळी रक्तात जास्त उतरते. अंग, विशेषतः मांड्या दुखू लागल्या किंवा लघवी गडद झाली, तर लगेच डॉक्टर गाठा. ‘फळ सकाळी, गोळी रात्री’ ही युक्ती फसते. परिणाम 24 तासांहून जास्त टिकतो. फळ सोडवतच नसेल तर डॉक्टरांना रोसुव्हास्टॅटिनबद्दल विचारा, तिला ही अडचण नाही.

अ‍ॅलर्जीच्या फेक्सोफेनाडिनचं उलटं: सफरचंद-संत्र्याच्या रसासोबत ती कमी शोषली जाते. साध्या पाण्यासोबत घ्या.

आणि रक्तदाबाची टेल्मिसार्टन गोळी चालू असेल, त्यात मूत्रपिंड कमजोर, तर रोजचं शहाळं नको. पोटॅशियम वाढतं.