देनारियस ओळखताना आधी मागची बाजू वाचा

देनारियस म्हणजे प्राचीन रोमचं चांदीचं नाणं. सुरुवातीला सगळे सम्राटाच्या चेहऱ्यावर अडकतात. तुम्ही नाणं उलटा आणि देवतेच्या हातात काय आहे ते बघा. सुकाणू आणि फळांनी भरलेलं शिंग असेल तर फोर्तुना, वाटीतून सापाला भरवत असेल तर सालुस, डोक्यावरून पदर घेऊन वेदीपाशी उभी असेल तर बहुधा पिएतास. फसगत होते ती तराजूवर: एक्विटास आणि मोनेटा दोघींच्याही हातात तराजू आणि शिंग असतं, तिथे नाण्यावरची अक्षरंच निकाल देतात. सम्राट डोमिशियनच्या देनारियसवर तर बहुतेक मिनर्व्हाच. त्याची ती लाडकी देवता. ‘कॉन्सेक्राशियो’ लिहिलेलं असेल तर ते नाणं मृत्यूनंतर देवत्व दिलेल्या व्यक्तीचं.

मग वजन करा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर. सम्राट ऑगस्टसच्या काळात साधारण ३.८ ग्रॅम, नीरोने इ.स. ६४ च्या सुमारास ते ३.४ च्या आसपास आणलं. फारच हलकं भरलं आणि कडेला तांबं डोकावत असेल तर चांदीचा मुलामा दिलेलं जुनं बनावट नाणं असू शकतं. कडेवर सलग सांधा दिसला तर साच्यात ओतलेली नक्कल समजा.

नाणं साफ करायला चिंच, लिंबू, टूथपेस्ट अजिबात नको! माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, पाणी रोज बदला.