नॉमिनेशन केलंय ना, मग झालं? नाही हो ताई!

पिंपरीहून एका ताईंचं पत्र आलंय. दुसरं लग्न, पहिल्या लग्नाची मुलगी ४ वर्षांची असताना या घरात आली, आता १९ ची आहे आणि यांनाच बाबा म्हणते. मिस्टरांना पहिल्या बायकोपासून एक मुलगा, तो बंगलोरला. फ्लॅट मिस्टरांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला, त्यांच्या एकट्याच्या नावावर. मृत्युपत्राचा विषय काढला की चिडतात, म्हणे "सोसायटीत तिचं नॉमिनेशन केलंय, आधारवर माझंच आडनाव आहे, अजून काय पाहिजे?"

ताई, त्यांचा जीव आहे पोरीवर हे तुमच्या पत्रातूनच कळतंय, पण आडनाव लावून कुणी वारस होत नाही हो. रीतसर दत्तक घेतलं असतं तर गोष्ट वेगळी, पण हिंदू दत्तक कायद्यात १५ वर्षं पूर्ण झाली की एखादी रूढी असल्याशिवाय दत्तक घेता येत नाही, म्हणजे ती गाडी सुटली. उद्या काही बरंवाईट झालं आणि कागद नसला तर १९५६ च्या वारसा कायद्याने फ्लॅटचे सारखे हिस्से होणार, तुमचा, त्यांच्या मुलाचा आणि सासूबाई असल्या तर त्यांचाही. पोरीला काहीच नाही! आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी तिला तात्पुरती सभासद करेल, मालकी वारसांचीच. सुप्रीम कोर्टाने शेअर्सबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलंय. (विम्यात २०१५ पासून बायकोमुलांसाठी नियम वेगळा आहे, पण तुमचा प्रश्न फ्लॅटचा.)

आता त्यांना कसं पटवायचं. मी म्हणेन आधी तुमचं मृत्युपत्र करा, तुमची एफडी, दागिने जे असेल त्याचं, आणि ते त्यांच्यासमोर टेबलावर ठेवा, मग "मरायची घाई झालीय का" हे वाक्य त्यांना बोलताच येणार नाही. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, रजिस्टर करणंही सक्तीचं नाही पण मी तरी करूनच टाकेन, शिवाय डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट जोडायचं. त्यांच्या मृत्युपत्रात नुसतं "माझी मुलगी" लिहू नका, तिथेच भांडण सुरू होतं. तिचं पूर्ण नाव आणि "माझ्या पत्नीची पहिल्या विवाहापासूनची मुलगी" असं स्पष्ट लिहा, आणि तुम्हाला हयातभर त्या घरात राहता येईल हेही.

मुलापासून मात्र लपवू नका, दिवाळीला आला की बाबांनी स्वतः सांगावं, तुम्ही नाही. तो रुसेल कदाचित, पण नंतर वकिलाच्या नोटिशीतून कळण्यापेक्षा आत्ता रुसलेला परवडला.

साक्षीदार दोन लागतात, ज्यांना काही मिळणार आहे ते नकोत, आणि वयाने लहान बघा. माझ्या मामांनी हौसेने मॉर्निंग वॉकचे दोन मित्र घेतले होते, मामा ८४ चे ठणठणीत आहेत आणि साक्षीदार दोघंही गेले.