वाचकांचे प्रश्न : जुन्या कार्ट्रिजचा सेव्ह आणि नव्या टीव्हीचा घोळ

प्रश्न : ‘पोकेमॉन गोल्ड’ची जुनी कार्ट्रिज गेमबॉयवर नीट चालते, पण सेव्ह करून बंद केलं की पुढच्या वेळी पाटी कोरी. कार्ट्रिज गेली का?

उत्तर : कार्ट्रिज ठणठणीत आहे, आतला सेल संपलाय. या गेमचा सेव्ह एसरॅम या वीज गेली की सगळं विसरणाऱ्या चिपमध्ये असतो आणि ती चिप ३ व्होल्टच्या सेलवर तग धरते. गोल्ड-सिल्व्हरमध्ये त्याच सेलवर घड्याळही चोवीस तास चालतं, म्हणून आधीच्या ‘पोकेमॉन रेड’-‘ब्लू’च्या आधी यांचे सेल मान टाकतात. गेलेला सेव्ह काही परत येत नाही.

ज्यांचा सेव्ह अजून शाबूत आहे त्यांनी सेलला हात लावण्याआधी त्याची प्रत काढावी, कारण सेल काढला की सेव्ह गेलाच. जीबीएक्सकार्टसारखा कार्ट्रिज वाचणारा रीडर संगणकाच्या यूएसबीला जोडून सेव्ह फाइल दोनदा उतरवा आणि दोन्ही ताडून पाहा. फरक आला तर कार्ट्रिजचे कॉन्टॅक्ट, म्हणजे खालच्या कडेचे धातूचे पट्टे, मळलेत. ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसा. फुंकर मारू नका, थुंकीच्या ओलाव्याने गंज धरतो. फाइल ३२,७६८ बाइटची हवी. घड्याळाची नोंद जोडली असेल तर थोडी मोठी भरते.

सेल सीआर२०२५ घ्या, तोही सोल्डर करायच्या धातूच्या पट्ट्या आधीच जोडलेला. आकड्याचा अर्थ व्यास २० मिमी, जाडी २.५ मिमी. सीआर२०३२ जास्त टिकतो, पण ०.७ मिमी जाड असल्याने झाकण नीट बसेलच असं नाही. कार्ट्रिज उघडायला ३.८ मिमीचा गेमबिट हा खास स्क्रूड्रायव्हर लागतो. जुन्या पट्ट्या बोर्डाच्या बाजूने सोल्डर वितळवूनच सोडवा. उचकटल्या तर त्यांच्यासोबत तांब्याचा पॅडही निघून येतो, आणि मग खरं काम वाढतं. धन-ऋण खुणा बोर्डावर छापलेल्या असतात. सेलवर थेट सोल्डर करू नका, तापून फुटू शकतो. चिकटपट्टीने सेल दाबून बसवण्याची युक्ती बरेच जण सांगतात. पण कार्ट्रिज एकदा हातातून पडली की क्षणभर संपर्क तुटतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

नंतरच्या ‘पोकेमॉन रुबी’-‘सॅफायर’ सुरू करताना सेल संपल्याचा संदेश येतो, त्याने घाबरू नका. तिथला सेव्ह सेलशिवायही टिकणाऱ्या फ्लॅश चिपवर असतो. सीआर१६१६ सेल फक्त घड्याळापुरता, सवडीने बदला.

प्रश्न : निन्टेन्डो ६४ च्या कार्ट्रिजमध्येही सेल असतो का?

उत्तर : काहींमध्येच. ‘सुपर मारिओ ६४’ ईईप्रॉम या विजेशिवायही न विसरणाऱ्या चिपवर सेव्ह करतो, तिथे सेल नाही. ‘ऑकरिना ऑफ टाइम’मध्ये एसरॅम आणि सेल आहे.

प्रश्न : जुना कन्सोल पिवळ्या वायरने एलईडी टीव्हीला जोडला. चित्र धूसर, उडी उशिरा लागते आणि मार बसल्यावर लुकलुकणारं पात्र कधी कधी गायबच होतं. टीव्हीत दोष आहे का?

उत्तर : दोष नाही, गैरसमज आहे. जुने कन्सोल २४०पी, म्हणजे दर फ्रेमला २४० ओळींचं पूर्ण चित्र, पाठवतात आणि बरेच नवे टीव्ही त्याला ४८०आय, म्हणजे दोन अर्ध्या भागांत येणारं ४८० ओळींचं चित्र, समजतात. मग दोन फ्रेम विणून एक करायच्या खटाटोपात दर दुसऱ्या फ्रेमला दिसणारं पात्र किंवा सावली विस्कटते, कधी पुसलीच जाते. त्या प्रक्रियेला वेळ लागतो, म्हणून उडी उशिरा.

आधी टीव्हीचा गेम मोड लावा आणि चित्र ४:३ करा. उशीर थोडा कमी होईल, लुकलुक मात्र तशीच राहील. एव्ही ते एचडीएमआय असा स्वस्त डबा बहुतेक वेळा तीच चूक टीव्हीच्या आधी करतो, त्यावर पैसे घालवू नयेत असं आमचं मत. लाइन डबलर, म्हणजे चित्राची प्रत्येक ओळ दुप्पट करून टीव्हीला देणारा डबा, घ्या. त्यातला रेट्रोटिंक २एक्स पिवळी वायर आणि तिच्याहून स्वच्छ चित्र देणाऱ्या एस-व्हिडिओ व कंपोनंट जोडण्या घेतो. ओएसएससी या दुसऱ्या डब्याला आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगळे) किंवा कंपोनंटच लागतं. दोन्ही पूर्ण फ्रेम साठवून ठेवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडून होणारा उशीर जाणवत नाही. अडचण एकच : एनईएस सेकंदाला नेमक्या ६० नव्हे तर सुमारे ६०.१ फ्रेम देतो आणि काही टीव्ही त्यावर चित्रच सोडतात. ओएसएससीवर तसं झालं तर ओळींच्या ४ किंवा ५ पटीवरून २ पटीवर या.

प्रश्न : कार्ट्रिजमधला सेव्ह आयफोनवर पुढे खेळता येईल का?

उत्तर : येईल. अ‍ॅपलने एप्रिल २०२४ मध्ये नियम सैल केल्यावर डेल्टा हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करून गेम चालवणारं अ‍ॅप, अ‍ॅप स्टोअरवर आला. गेमची फाइलही तुमच्याच कार्ट्रिजमधून उतरवा. मग डेल्टात गेमच्या चित्रावर बोट दाबून धरा आणि सेव्ह फाइल आयात करा. तिथे आधीचा सेव्ह असेल तर तो पुसला जातो. पुढेही गेमच्या आतूनच सेव्ह करत राहा. सेव्ह स्टेट, म्हणजे एम्युलेटरने त्या क्षणाची टिपलेली नोंद, सोयीचा खरा, पण जुना स्टेट उघडला की एसरॅमही त्या क्षणावर मागे जाते आणि नंतरचा सेव्ह त्याखाली गाडला जातो.