सालींचे एन्झाइम सांडपाण्यात घालताना

प्रश्न (गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एक स्वयंसाहाय्य गट): आम्ही फणसाचे गरे तळतो, आंब्याचे लोणचे घालतो. सांडपाणी मागच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) जाते, फार घाण येते. सालींचे एन्झाइम (फळांच्या साली गूळपाण्यात मुरवून केलेले द्रावण) घातले तर चालेल का?

उत्तर: चालेल, पण हवेशिवाय नाही. एन्झाइम घाण फक्त फोडते. कच्च्या पपईच्या चिकातले पपेन आणि अननसाचे ब्रोमेलेन प्रथिनांचे तुकडे करतात, ते तुकडे खातात जिवाणू, आणि जिवाणूंना हवा लागते. शिवाय या द्रावणातच गूळ आणि आम्ल असते. साचल्या पाण्यात नुसते ओतलेत तर बीओडी (घाण खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, म्हणजेच घाणीचे माप) उलट वाढेल.

साठ लिटरच्या प्लॅस्टिक पिंपात ४ किलो गूळ, १२ किलो साली, ४० लिटर पाणी घाला. लोखंडी पिंप आम्लाने गंजते. पहिला महिना झाकण रोज सैल करा, नाहीतर वायूने पिंप फुगते. तीन महिने मुरवून फडक्याने गाळा. उकळू नका, एन्झाइम मरते. वर पांढरी साय आली तर हरकत नाही. कुजका वास आला तर ते वापरू नका. गऱ्यांचा हंगाम एप्रिल-मेचा, म्हणून पिंप जानेवारीतच भरा.

सांडपाणी आधी जाळीतून, मग तेल अडवणाऱ्या टाकीतून न्या. थंडीच्या पहाटे खोबरेल थिजून वर येते, तेव्हाच ते झाऱ्याने काढा. पाणी निवल्यावर चुन्याच्या निवळीने सामू (pH) सातच्या आसपास आणा.

मात्रा अंदाजाने ठरवू नका. चार बादल्यांत दहा-दहा लिटर सांडपाणी घ्या. एक तशीच ठेवा, बाकीच्यांत २००, ५०० मिली आणि १ लिटर द्रावण घाला. चारहींत मत्स्यालयाचा हवेचा पंप पाच दिवस चालवा. ज्या सर्वांत कमी मात्रेत वास गेला आणि गाळ खाली बसला, तीच त्याच प्रमाणात सांडपाण्याच्या मुख्य टाकीला वापरा. या टाकीलाही ब्लोअर (हवा सोडणारा पंप) हवाच.

ब्लीचिंग पावडरने धुतलेले पाणी यात येऊ देऊ नका, एन्झाइम आणि जिवाणू दोन्ही जातात. लोणच्याचे खारे पाणी वेगळेच काढा: मीठ कुठलेही एन्झाइम काढत नाही आणि पोफळींची मुळे त्याने करपतात.

पाणी सोडण्याआधी नमुना तपासून घ्या. ओहोळात सोडायचे तर बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत, बागेला द्यायचे तर १०० च्या आत, आणि दोन्हीकडे सामू ५.५ ते ९ हवा. जूनपूर्वी टाकीवर छप्पर घाला, नाहीतर पहिल्याच पावसात सगळे उतू जाऊन ओहोळात उतरेल.