मशीन घ्या दादा, घर गहाण टाकून नको खरं

दादा, तुमचं पत्र वाचलं, हिशोबाच्या वहीचे फोटो पण बघितले. वय 46, बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात टर्नर म्हणून लागलात, आता सेटर, म्हणजे मशीन लावून देणारे आहात आणि आयटीआय केल्यापासून डोक्यात एकच, आपलं मशीन, आपल्या नावाची पाटी. 2019 ला करून बघितलं, लॉकडाऊनमध्ये मशीन विकावं लागलं, परत नोकरी. आता शिरोलीची एक पार्टी पार्ट बनवायचं रेग्युलर काम देतो म्हणतेय, तर वडगावचं घर गहाण टाकून 15 लाख, पीएफचे 6 आणि वहिनींच्या दागिन्यांवर 2 काढून सेकंडहँड सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) घेऊ का, असं विचारलंय.

मशीन घ्यायला माझी ना नाही. ह्या पद्धतीनं घ्यायला आहे.

घरचे म्हणतायत एकदा हात पोळलेत, आता गप बसा. खरं तुमची 2020 ची वही काय सांगते बघा की, फेब्रुवारीत, म्हणजे लॉकडाऊनच्या आधीच, 3 लाख 40 हजार दोन पार्ट्यांकडे अडकलेले आणि तुम्ही क्रेडिट कार्डावर पैसे उचलून हप्ता भरत होता. म्हणजे काम होतं, रिजेक्शन नव्हतं, हात चांगलाच होता, फक्त बिलाचा पैसा यायच्या आधी हप्ता यायचा. लॉकडाऊन नसता तरी दिवाळीपर्यंत ओढाताण झालीच असती असं मला वाटतं. आणि नवीन प्लॅनमध्ये तोच खड्डा तसाच आहे.

15 लाख, 7 वर्षं, साडेअकरा टक्के धरले तर हप्ता साधारण 26 हजार. शेडचं भाडं 9, हेस्कॉमचं लाइट बिल 8, ऑपरेटर 16, इन्सर्ट (कटिंगची पाती)-ऑइल-टेम्पो मिळून 7, झाले 66 हजार. घरखर्च 27 तुम्हीच लिहिलाय. तुम्ही महिन्याला 90 हजाराचं बिलिंग धरलंय, म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी 3 हजार कमीच पडतात! त्यात पार्टी अडीच महिन्यांनी पैसे देणार, तोवर खिशातून 2 लाख 30 हजार जाणार आणि त्यासाठी प्लॅनमध्ये एक रुपया ठेवलेला नाही.

म्हणून मच्छेतल्या मित्राचं जे जुनं मशीन 11 लाखाला मिळतंय म्हणताय ना, तेच घ्या. 10 लाखापर्यंतच्या मुद्रा लोनला तारण लागत नाही, त्याच मुदतीला हप्ता साडेसतरा हजाराच्या आत बसतो, वरचे एक-दीड लाख बचतीतून जातील. दागिने मशीनसाठी गुंतवू नका, गोल्ड लोनची सोय त्या अडीच महिन्यांच्या खड्ड्यासाठी राखून ठेवा, लागेल तेव्हाच काढा. पीएफला हात नाही म्हणजे नाही, 2024-25 ला त्यावर 8.25 टक्के व्याज मिळालंय आणि म्हातारपणासाठी तुमच्याकडे दुसरं काहीच नाही.

एक अडचण आहे खरं. मागचं लोन तुम्ही बँकेशी बोलून कमी रकमेत मिटवलं, ते सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या रिपोर्टवर, ‘सेटल्ड’ म्हणून दिसत असणार आणि बँकवाले त्यालाच बिचकतात. रिपोर्ट वर्षातनं एकदा फुकट मिळतो, आधी तो काढा, राहिलेली रक्कम झेपण्यासारखी असेल तर भरून बँकेकडनं नो ड्यूज, म्हणजे काही देणं राहिलं नाही असं पत्र घ्या. मगच मुद्राचा अर्ज. ह्या कामात दोन-तीन महिने जातील, जाऊ देत, घाईघाईत कुठल्या फायनान्सवाल्याकडे 24 टक्क्यांनी जाऊ नका.

तसंही राजीनामा लगेच देऊन चालणार नाही. सप्टेंबर 2021 ला परत लागलात, म्हणजे पाच वर्षं भरायला अजून थोडे महिने आहेत आणि ग्रॅच्युइटी पाच वर्षं भरल्यावरच मिळते. तुमचं बेसिक 19 हजार, त्याला 15 नं गुणून 26 नं भागा, परत गुणिले 5, साधारण 55 हजार होतात. सोडायचे कशाला? कंपनीचा मेडिक्लेम पण नोकरीबरोबर जाणार, तर घरच्यांची पॉलिसी आत्ताच काढा, नव्या पॉलिसीत पहिले 30 दिवस अपघात सोडला तर क्लेम बसत नाही.

तोवर शिरोलीचा पहिला लॉट मित्राच्याच मशीनवर तासाच्या भाड्यानं करून द्या. साहेबांना सांगून करा, उद्यमबागेत अशी बातमी चहा थंड व्हायच्या आत पोचते. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट आहे, ते करून घ्या आणि पार्टीकडनं पीओवर (ऑर्डरच्या कागदावर) पैसे 45 दिवसांत असं लिहून घ्या. कायद्यानं तुमच्यासारख्या छोट्या युनिटचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, उशीर केला तर पैसे देईपर्यंत तो खर्च त्यांना इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही, त्यांच्या सीएला हे चांगलं माहीत असतं. अर्थात ऑर्डर जाईल म्हणून कुणी तक्रार करत नाही ते मलाही माहितीय. म्हणूनच पहिल्या लॉटचे पैसे कितव्या दिवशी खात्यात आले तेवढं मला कळवा. साठच्या आत आले तर मशीनचा ॲडव्हान्स द्या. नव्वदच्या पुढं गेले तर ती पार्टी सोडा, मशीन सोडू नका, दुसरी पार्टी मिळेपर्यंत नोकरीत राहा.