नॅनोटेक्नॉलॉजीने रोगाचं निदान आणि उपचार खरंच शक्य होतील का?

होतील कसले, कधीचे होताहेत. कोविडच्या घरगुती किटवर जी लालसर रेघ उमटते, ती बहुतेक किटमध्ये सोन्याच्या नॅनोकणांचीच असते. निदानाबद्दल एवढं पुरे. मला उपचाराबद्दल बोलायचंय.

मे २०२१ मध्ये आईला कोविडनंतर म्युकर, म्हणजे काळी बुरशी, झाला. शुगर जुनी, त्यात स्टेरॉइड. सायनसचं ऑपरेशन झालं. लायपोसोमल अँफोटेरिसिन, म्हणजे नॅनो गोळ्यांत बांधलेलं बुरशीवरचं औषध, गावभर फिरूनही मिळेना, म्हणून साधं अँफोटेरिसिन लावलं. ड्रिप सुरू झाली आणि थोड्याच वेळात आईला अशी हुडहुडी भरली की पलंगाचा कठडा खडखडत होता. ब्लँकेटवर ब्लँकेट घातलं तरी थंडी जाईना. पुढे क्रिएटिनिन चढलं, म्हणजे किडनीवर ताण आला, आणि पोटॅशियम उतरलं. डॉक्टर म्हणाले, आता लायपोसोमलच हवं, दिवसाला सहा व्हायल.

त्यावर मोठे मामा म्हणाले, "औषध तेच ना? नॅनोच्या नावाखाली लुबाडतात."

औषध तेच, हे खरं. ते बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉलला धरून तिथे भोकं पाडतं. पण मोकळं सोडलं तर आपल्या पेशींतल्या कोलेस्टेरॉललाही चिकटतं, आणि त्यात किडनी होरपळते. लायपोसोममध्ये तेच औषध शंभर नॅनोमीटरहून बारीक स्निग्ध गोळीत बांधलेलं असतं, ते मुख्यतः बुरशीपाशी जाऊन सुटतं. म्हणून साधं किलोमागे एक मिलिग्रॅमच्या आसपास देतात, तर हे पाच देता येतं. मामा याला परदेशी कंपन्यांचं थोतांड म्हणतात. पण मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी भारतीय लायपोसोमल अँफोटेरिसिनवर काम केलं, ते या साथीच्या कितीतरी आधी.

आई बरी झाली. मामा अजून लग्नकार्यात सांगतात, ऑपरेशननेच वाचली. ऑपरेशनशिवाय म्युकर सहसा हटत नाही, हे मान्य. लायपोसोमलवरही किडनी आणि पोटॅशियम तपासत राहावंच लागतं. दुसरं काही मिळत नव्हतं तेव्हा साध्या अँफोटेरिसिननेही माणसं वाचवली. आणि डबीवर 'नॅनो' छापलं म्हणून कुठलंही चूर्ण औषध होत नाही.

तरी तुमच्या घरी अशी वेळ आली तर नातेवाइकांना विचारत बसू नका. क्रिएटिनिनचे आकडे तारखेनिशी वहीत लिहा आणि औषध बदलल्यावर ते कुठे वळतात ते बघा. आईचे सगळे रिपोर्ट माझ्याकडे फाइलला लावलेले आहेत. मामांनी कधीही मागावेत.