बागेचे प्रश्न: पानांच्या रंगाची फुले

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे हिरव्या रंगाच्या फुलांविषयी आहेत, म्हणून हे सदर त्यांनाच दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून लांबलेली पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न: हिरवी फुले येणारी झाडे घरच्या बागेत लावण्याची फार इच्छा आहे. फूल हिरवे कशामुळे होते आणि नवख्या माणसाने सुरुवात कोणत्या झाडापासून करावी?

उत्तर: कोणत्याही फुलझाडाची अगदी कोवळी कळी नखाने उलगडून पाहा. पुढे लाल किंवा पांढरी होणारी पाकळीसुद्धा त्या वेळी बहुधा फिकट हिरवी दिसते. कळी मोठी होत जाते तसे पाकळीतले हरितद्रव्य मोडत जाते आणि लाल, जांभळी किंवा पिवळी रंगद्रव्ये तिथे तयार होतात. कोणतेच रंगद्रव्य नसेल तर फूल पांढरे दिसते. काही जातींच्या पाकळ्यांत मात्र हरितद्रव्य फूल उमलल्यावरही टिकून राहते. हिरवी शेवंती, हिरवे कार्नेशन, हिरवी झिनिया ही या प्रकारातली फुले आहेत. दुसऱ्या प्रकारात आपण ज्याला फूल म्हणतो तो भाग पाकळ्यांचा नसतोच. तो निदलांचा (कळीला बाहेरून झाकणाऱ्या हिरव्या भागांचा) किंवा छदांचा (फुलाच्या बुडाशी असणाऱ्या पानांसारख्या भागांचा), म्हणजे पानाच्याच जवळच्या अवयवांचा बनलेला असतो. आणि तिसऱ्या प्रकारात फूल हिरवे होते ते रोगामुळे. हाती आलेले हिरवे फूल या तिन्हींपैकी कोणते आहे, हे आधी ओळखावे, कारण तिघांना द्यायची वागणूक अगदी वेगळी आहे.

सुरुवात झिनियाच्या 'एन्व्ही' या जातीपासून करावी, असे मी नि:शंकपणे सुचवीन. बी थेट वाफ्यात किंवा कुंडीत साधारण अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे; माती ऊबदार असेल तर ते 4 ते 7 दिवसांत उगवते आणि 8 ते 10 आठवड्यांत रोप फुलू लागते. दोन रोपांत 25 ते 30 सेंटिमीटर अंतर ठेवावे, रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा आणि पाणी नेहमी बुडाशी द्यावे, कारण पाने ओली राहिली आणि हवा खेळती नसली की झिनियावर भुरी, म्हणजे पांढऱ्या पुडीसारखी दिसणारी बुरशी, येतेच. बाकीच्या झिनियांना दिवसभराचे ऊन मानवते, पण या जातीचा हिरवा रंग सकाळचे ऊन आणि दुपारनंतर विरळ सावली मिळाली तर अधिक खुलतो. सावली फार झाली तर रोपे उंचच उंच वाढून लवतात, हेही ध्यानात ठेवावे. एकाच पाकिटातल्या काही रोपांना भरगच्च आणि काहींना एकेरी फुले येतात. त्यात पेरणाऱ्याची चूक नसते. बी धरायचे असेल तर उत्तम फुलांचेच धरावे आणि जवळपास दुसऱ्या रंगाची झिनिया लावू नये, कारण मधमाश्या परागांची सरमिसळ करतात आणि पुढच्या पिढीत हिरवा रंग हरवतो.

प्रश्न: माझ्या कुंडीतल्या गुलाबी सदाफुलीला या महिन्यात अचानक हिरवी फुले येऊ लागली आहेत. फुले लहान असून पानांसारखी दिसतात. ही नवी जात तयार झाली असावी का? तिची छाट कलमे करून मैत्रिणींना द्यावीत, असा विचार आहे.

उत्तर: कृपया ती कलमे कोणालाही देऊ नयेत. आपण केलेल्या वर्णनावरून ही नवी जात नसून फायटोप्लाझ्माचा रोग असावा, असे जवळजवळ निश्चितपणे वाटते. फायटोप्लाझ्मा हे पेशीभित्तिका नसलेले अतिसूक्ष्म जिवाणू आहेत. झाडाने तयार केलेले अन्न ज्या नलिकांतून वाहते त्यांतच ते राहतात. 1967 साली जपानी संशोधकांनी ते ओळखले. त्याआधी असे रोग विषाणूंमुळे होतात, अशी समजूत होती. झाडात शिरलेले हे जिवाणू फुलाच्या घडणीतच ढवळाढवळ करतात, त्यामुळे ज्या जागी पाकळ्या, पुंकेसर आणि स्त्रीकेसर तयार व्हायचे तिथे पानांसारखे भाग तयार होतात.

खात्री करून घ्यायची असेल तर झाड हातात घेऊन नीट पाहावे. रोगट फांदीवरची पाने नेहमीपेक्षा लहान आणि पिवळसर असतात, दोन पानांमधले अंतर कमी झालेले असते आणि बगलेतून बारीक फुटव्यांचा झाडूसारखा झुबका निघालेला दिसतो. अशा फुलाला बी धरत नाही. सुरुवातीला हे सारे एकाच फांदीवर दिसते, म्हणून ती फांदी कापली की झाड वाचेल, असे वाटते. पण फांदी कापेपर्यंत रोग बहुधा झाडभर पसरलेला असतो. घरच्या बागेत करता येईल असा त्यावर उपचार नाही. झाड मुळासकट उपटून पिशवीत बांधून टाकून द्यावे.

रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात ते तुडतुडे. पान हलवले की तिरपी उडी मारणारे, पाचरीसारख्या आकाराचे हे बारीक किडे रोगट झाडाचा रस शोषतात आणि काही काळाने निरोगी झाडावर बसून रोग तिथे पोचवतात. अमरवेलीमुळेही तो पसरतो आणि कलमांमुळे तर हमखास पसरतो. मातीतून तो येत नाही, त्यामुळे त्याच कुंडीत दुसरे झाड लावायला हरकत नाही. मात्र आसपासचे तण काढावे, कारण तुडतुड्यांना आणि रोगाला दोघांनाही तिथे आसरा मिळतो. शेवंती, झेंडू, ॲस्टर आणि झिनिया यांच्यावरही याच गटातले रोग येतात, तेव्हा त्यांची झाडे दर आठवड्याला एकदा पानांच्या खालच्या बाजूने तपासावीत.

हे इतक्या कळकळीने लिहितो आहे त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मीही अशीच एक हिरवी सदाफुली नवलाई म्हणून गच्चीवर जपली होती, आणि त्याच मोसमात शेजारच्या चार कुंड्यांतली झाडे एकामागून एक गेली. या जिवाणूंचा माणसाने केलेला एक उपयोगही मला ठाऊक आहे: कुंडीत आटोपशीर, भरपूर फांद्यांची दिसणारी पॉइन्सेटिया तशी वाढते ती एका निरुपद्रवी फायटोप्लाझ्मामुळे. पण सदाफुलीच्या बाबतीत असा दिलासा नाही.

प्रश्न: गुलाबाच्या एका फुलाच्या मध्यभागी हिरव्या पानांचा गुच्छ निघाला आहे. हाही तोच रोग का?

उत्तर: बहुधा नाही. कळी घडत असताना हवेत एकदम चढउतार झाला, कडक उष्मा किंवा अवेळी गारठा पडला, तर गुलाबाच्या फुलातून असा पानांचा गुच्छ निघतो. असे एखाददुसरेच फूल असेल, पाने नेहमीच्या आकाराची असतील आणि नंतरची फुले नीट उमलत असतील, तर ते फूल खुडून टाकावे आणि निश्चिंत राहावे. एकामागून एक सगळीच फुले तशी येऊ लागली, तर मात्र वरचे उत्तर पुन्हा वाचावे.

प्रश्न: हिरव्या गुलाबाचे बी मागवून दोनदा पेरले. पहिल्या वेळी काहीच उगवले नाही, दुसऱ्या वेळी भलतेच रोप उगवले. कुठे चुकते आहे?

उत्तर: पेरण्यात आपले काहीही चुकलेले नाही, बीच खोटे होते. खरा हिरवा गुलाब हा चिनी गुलाबाचा 'व्हिरिडिफ्लोरा' नावाचा प्रकार आहे आणि 19व्या शतकापासून तो बागांमध्ये जोपासला जात आहे. त्याच्या फुलाला पाकळी नावाला नसते. कातरलेल्या कडांची, निदलांसारखी हिरवी पाती एकावर एक रचलेली असतात आणि पुंकेसर व स्त्रीकेसरांच्या जागीही तसलीच पाती असतात. ज्या फुलात पराग नाहीत आणि बीजांडही नाही, त्याला बी कुठून येणार? म्हणून या गुलाबाची वाढ केवळ छाट कलमाने किंवा डोळा भरून (फांदीवरचा डोळा दुसऱ्या गुलाबाच्या खोडावर बसवून) होते, आणि त्याचे बी म्हणून जे काही विकले जाते ते दुसऱ्याच कशाचे तरी असते.

कलम मिळाले तर मात्र हे झाड अत्यंत गुणी आहे. त्याला नेहमीच्या गुलाबासारखेच ऊन, निचरा होणारी माती आणि शेणखत लागते. फुले लहान असतात, पण झाडावर कित्येक दिवस टिकतात आणि जुनी होताना त्यांच्या कडांवर तांबूस छटा चढते. हे फूल रोगामुळे हिरवे झालेले नाही. तो त्या झाडाचा कायमचा गुण आहे आणि शेजारच्या झाडांना त्यापासून काही धोका नाही. पुष्पगुच्छांत दिसणारे मोठे हिरवट गुलाब वेगळे. ते खऱ्या पाकळ्यांचे आणि बहुधा हिरवी झाक असलेल्या पांढऱ्या जातींचे असतात.

प्रश्न: हिरव्या शेवंतीची कुंडी आणली होती. पहिली फुले सुंदर हिरवी होती, नंतरची पिवळट पांढरी झाली. यंदा तर कळ्याच धरल्या नाहीत.

उत्तर: या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. रंग फिका होण्याचे कारण बहुधा ऊन आणि फुलाचे वय हे असते. हिरवी शेवंती अर्धी उमललेली असताना सर्वांत हिरवी दिसते. पुढे हरितद्रव्य कमी होत जाते आणि बाहेरच्या पाकळ्या आधी फिक्या पडतात. कळ्यांना रंग दिसू लागला की कुंडी दुपारच्या उन्हातून हलवावी आणि फुलदाणीसाठी फुले लवकर कापावीत.

कळ्या न धरण्याचे कारण शोधायचे तर रात्री कुंडीजवळ उभे राहून पाहा. शेवंतीला फुलण्यासाठी लांब आणि अखंड अंधाराच्या रात्री लागतात. व्हरांड्यातला दिवा किंवा रस्त्यावरच्या खांबाचा उजेड रोज झाडावर पडत असेल, तर झाडाला रात्र लहान वाटते आणि ते नुसते वाढत राहते. अंधाऱ्या कोपऱ्यात कुंडी हलवल्यावर काही आठवड्यांत कळ्या दिसाव्यात. दरवर्षी फुलोरा संपल्यावर जुने खोड छाटावे आणि बुडातून येणाऱ्या कोवळ्या फुटव्यांपासून नवी रोपे करावीत. जुन्या गड्ड्यापेक्षा ही रोपे चांगली फुलतात.

कापलेली फुले विकत घेतली असतील तर एक गोष्ट तपासावी. पांढरी फुले रंगीत पाण्यात ठेवूनही हिरवी करतात. तसा रंग पाकळीच्या शिरांत आणि कडांना गडद साचलेला दिसतो आणि देठ आडवा कापला तर आतही डाग आढळतात.

प्रश्न: हायड्रेंजियाचा रंग मातीच्या आम्लतेनुसार बदलतो. त्याप्रमाणे एखादे खत घालून फुले हिरवी करता येतील का?

उत्तर: नाही. हायड्रेंजियात निळ्या-गुलाबीचा बदल ॲल्युमिनियममुळे होतो आणि त्याचा हरितद्रव्याशी संबंध नाही. मॅग्नेशियम हा हरितद्रव्याचा घटक आहे आणि ते तयार होण्यासाठी लोह लागते हे खरे. पण त्यांची कमतरता असेल तर पाने पिवळी पडतात, एवढाच त्याचा अर्थ. जास्त दिल्याने पाकळ्या हिरव्या होत नाहीत, आणि नत्र जास्त झाले तर पानेच माजतात.

प्रश्न: 'बेल्स ऑफ आयर्लंड'चे बी उगवत नाही.

उत्तर: मोलुसेलाचे, म्हणजे याच 'बेल्स ऑफ आयर्लंड'चे, बी हट्टी असते. ते ओलसर कागदात गुंडाळून एक ते दोन आठवडे फ्रिजमध्ये ठेवावे आणि मग मातीवर नुसते दाबून बसवावे, कारण उगवताना त्याला उजेड लागतो. उगवण एकसारखी होत नाही; महिनाभर धीर धरावा. सोटमूळ दुखावलेले त्याला खपत नाही, म्हणून बी कायमच्या जागीच पेरावे आणि त्यासाठी थंड हवेचा काळ निवडावा. पुढे दांड्यावर हिरव्या वाट्यांची उतरंड दिसते. त्या वाट्या म्हणजे निदलपुंज. खरे फूल वाटीच्या तळाशी असते, पांढरे आणि लहानसे. दांड्यावर काटे असतात, तेव्हा कापताना जपावे.

प्रश्न: हौसेने हिरवी फुले लावली, पण बागेत ती दिसतच नाहीत. हिरवा चाफा तर फुलतो की नाही हेही कळत नाही.

उत्तर: हिरव्या पानांपुढे हिरवे फूल हरवणारच. जांभळ्या किंवा गडद तांबड्या पानांचे कोलियस मागे लावून पाहा. त्याच्यापुढे 'एन्व्ही' झिनिया किंवा फिकट हिरव्या तुऱ्यांचा शोभेचा राजगिरा उठून दिसतो. पांढऱ्या फुलांच्या सोबतीनेही हिरवा रंग उजळतो. हिरवी निकोटियाना मात्र येण्याजाण्याच्या वाटेवर लावावी, म्हणजे ती जवळून दिसेल. तंबाखूच्या कुळातली असल्यामुळे तिचे सर्व भाग विषारी आहेत, तेव्हा लहान मुले आणि पाळीव प्राणी यांच्यापासून ती दूर असावी.

हिरव्या चाफ्याची गोष्ट वेगळी आहे. नावात चाफा असला तरी तो सीताफळाच्या कुळातला आहे, आणि मोकळा सोडला तर मोठी वेल होतो. त्याला भक्कम मांडव हवा. त्याच्या फुलाचा देठ आकड्यासारखा वाकलेला असतो आणि त्याच आकड्याने वेल आधार पकडते. सहा जाड पाकळ्यांचे फूल आधी पानाइतकेच हिरवे असते आणि त्या अवस्थेत त्याला फारसा वास नसतो. पिकताना ते पिवळे होऊ लागते आणि तेव्हा पिकल्या फळासारखा दाट गंध सुटतो. वेल बियांपासून लावली असेल तर फुलायला काही वर्षे जातात, एवढा काळ उलटून गेला आहे का ते आधी आठवावे. तो उलटला असेल, तर संध्याकाळी वेलीखाली उभे राहून गंध येतो का पाहा. मग गंधाच्या दिशेने फांदी हलकेच वर उचलून आकड्यांच्या खालच्या बाजूला शोधा, फुले तिथेच लोंबत असतात.